पत्र्याची जाडी

१

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना वाटलं की आता हा माणूस घरी बसून बायकोचं डोकं खाणार. तसं झालंही. चाळीस वर्षं दवाखान्यात त्यांच्या शेजारी उभं राहून दातात भरायचा मसाला कालवून देणारी बाई ती. तिला नवऱ्याच्या हातांची सवय होती, दिवसभर त्याच्या तोंडाची नव्हती. त्यामुळे डॉक्टरांना गाडीवरचा डाग दिसला, तेव्हा तिला मनापासून बरं वाटलं.

गाडी बावीस वर्षांची, करड्या रंगाची. मागच्या उजव्या दारावर, कडीच्या खाली वीतभर अंतरावर, रंगाला बटणाएवढा फोड आला होता. नखानं दाबला की करकरायचा. एरवी डॉक्टरांनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नसतं, पण गाडी लेकीला द्यायची ठरली होती. लहानपणी तिचे पुढचे दोन दात इतके मोठे होते की घरात तिचं नाव खारू पडलं, ते आई झाल्यावरही सुटलं नाही. सोमवारपासून खारूची नवी नोकरी सुरू होणार होती. नऊ महिन्यांची मुलगी तिच्याबरोबर जायची होती, कारण पाळणाघर कामाच्या जागेला लागूनच होतं आणि तिकडे बस जात नव्हती. मागच्या सीटवरचा डावा पट्टा कधीच निकामी झाला होता. बाळाची खुर्ची बसणार ती उजवीकडेच, त्या दाराला खेटून.

डॉक्टरांनी लेकीला शब्द दिला होता, की रविवारी ये, गाडी नवी करून ठेवतो. खारूला दिलेले बरेचसे शब्द त्यांनी पेशंटच्या नादात मोडले होते. शाळेतलं एकही नाटक पाहिलं नव्हतं. हा एक पाळायचा होता.

"अहो, पेंटरकडे टाका ना," बायको म्हणाली. "अर्ध्या दिवसाचं काम."

"पेंटर वरून पुट्टी फासून देईल. आतला गंज आतच."

"राहू दे की आत. माझ्या गुडघ्यातही आहे."

डॉक्टर हसले, पण ऐकणाऱ्यातले नव्हते. कीड आत ठेवून वरून दात भरणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं. खुर्चीतला पेशंट "अजून किती?" असं डोळ्यांनी विचारायचा आणि डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असायचं, चांगलं लागेपर्यंत. गावातले बाकीचे दंतवैद्य गमतीनं म्हणायचे, हा दाढेतून शिरतो आणि हनुवटीतून बाहेर पडतो.

२

गुरुवारी सकाळी त्यांनी गाडी धुतली, डागाभोवती कागदी चिकटपट्टी लावली आणि पॉलिश पेपर घेऊन बसले. फोड फुटला. आतून तांबूस भुगा पडला. घासत गेले तसे डागाभोवती रंगाचे थर कड्याकड्यांनी उघडे पडले, आधी वरची चमक, मग करडा, मग प्रायमरचा मातकट, आणि तासाभरात मधोमध लोखंड चकाकलं.

कोपऱ्यावरचा पेंटर दुकान उघडायला जाताना थांबला. वाकून पाहिलं, बोट फिरवलं.

"झालं की, डॉक्टर. हात चांगलाय तुमचा. आता प्रायमर मारा आणि मोकळे व्हा."

"मध्ये काळा ठिपका आहे."

"तेवढा असतोच."

डॉक्टर घरात गेले आणि दवाखान्याची जुनी पेटी घेऊन आले. वाकड्या टोकाची बारीक सळी काढून त्यांनी ठिपक्यावर टेकवली, किंचित दाबली आणि ओढली. सळी अडकली. सुटताना जो हलकासा हिसका बसला, त्यावर त्यांचा उभा जन्म गेला होता. असा हिसका बसला की खाली कीड आहे, हे ते झोपेतही सांगू शकले असते.

"अडकतेय," ते म्हणाले.

"तो दात नाही, डॉक्टर," पेंटर म्हणाला. "पत्रा आहे. मिलिमीटरभरही जाडी नाही त्याची. जास्त उकराल तर आरपार जाल."

"आरपार गेलो तर चांगलंच. म्हणजे संपलं."

पेंटरनं मान हलवली आणि तो आपल्या वाटेनं गेला. एवढं मोठं माणूस इतकं खुळ्यासारखं बोलतं, याचं त्याला दुकानापर्यंत हसू येत राहिलं.

३

पेटीतली लहान मोटर अजून चालत होती. डॉक्टरांनी तिला गोल दाण्याचं टोक लावलं, कपाळावर दिवा बांधला, छोट्या स्टुलावर बसले आणि कामाला लागले. रस्त्यावर कुणी नव्हतं. मोटरची घरघर आणि मधूनमधून भुगा फुंकल्याचा आवाज, एवढंच. हात कामात रमला की त्यांना वेळेचं भान राहत नसे.

बायको चहा घेऊन आली, तेव्हा अकरा वाजून गेले होते. कप खाली ठेवताना ती थबकली.

"हे काय सांडलंय?"

दाराखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर तांबड्या भुग्याचा ढीग साचला होता. डॉक्टरांनी तो आतापर्यंत पाहिलाच नव्हता. बायकोनं कागदाची कड उचलून भुगा सकाळच्या रिकाम्या कपात ओतला. कप काठोकाठ भरला आणि तरी कागदावर निम्मा उरला.

"एवढ्याशा भोकातून एवढं?"

"भुगा फुगतो," डॉक्टर म्हणाले. "पीठ नाही का फुगत, तसं."

पीठ दोघांपैकी कुणी मळलं होतं हे दोघांनाही माहीत होतं.

ती गेल्यावर डॉक्टरांनी हिरडीची खोली मोजायची सळी काढली. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. ती त्यांनी भोकात सरळ घातली. एक, दोन, तीन. पाच. सात. शेवटची खूण आत गेली, मग मूठ पत्र्याला टेकली. टोक कशालाही लागलं नव्हतं.

बरोबर, त्यांनी स्वतःला समजावलं. आरपार गेलंय. दार आतून पोकळ असतं.

४

दुपारी त्यांनी दाराचं आतलं आवरण सोडवलं. स्क्रू काढले, काचेच्या दांड्या बाजूला केल्या, आणि पोकळीत हात घालून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू चाचपली.

ती गुळगुळीत होती. कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग तसाच, ना भोक, ना ओरखडा, ना गंजाचा ठिपका. त्यांनी टेपनं मोजून नेमकी जागा काढली. डाव्या हाताचं बोट आतून त्या जागेवर दाबून ठेवलं आणि उजव्या हातानं बाहेरून भोकात तार सारली. तार वीतभर आत गेली. बोटाला काहीच लागलं नाही.

तार आत वाकत असेल. हे त्यांना पटलं, म्हणून ते बायकोची विणायची सुई घेऊन आले. ती लोखंडी होती आणि हातानं वाकण्यातली नव्हती. सुईही आत गेली, सरळ, सावकाश, मागच्या बोंडापर्यंत. तिच्या लांबीनं तिनं आतला पत्रा, डॉक्टरांचं बोट, दाराची सगळी पोकळी ओलांडून सीटवर निघायला हवं होतं. सीट रिकामी होती. बोटाखालचा पत्रा गार आणि शांत होता.

डॉक्टरांना हसू आलं. मुळात ते हिशोबी माणूस. दोन पत्रे असतील, मध्ये काहीतरी असेल, पूर्वीच्या गाड्या मजबूत बनवायचे, असं काय काय त्यांनी जुळवून पाहिलं. जुळवता जुळवता सुईचं बोंड चिमटीत तसंच धरलेलं होतं, आणि तेव्हा सुईच्या पलीकडच्या टोकाला काहीतरी लागलं.

ओढलं नाही. ढकललंही नाही. फक्त चाचपलं. पेशंट तोंड उघडून बसलेला असताना त्याची जीभ नकळत हत्याराला लागते आणि हे काय आहे ते पाहून मागे जाते, तेवढंच. डॉक्टरांनी सुई अलगद बाहेर काढली. ती कोरडी होती. पुसायची गरज नसताना त्यांनी ती तीनदा पुसली.

५

शुक्रवारी सकाळी ते बायकोचा शिवणाचा दोरा घेऊन बसले. दोऱ्याला एक लहानसा नट बांधला. भोक आडवं होतं, त्यामुळे नट आत सोडला की तो दाराच्या पोकळीत तळाला पडेल, खण्ण वाजेल आणि हा खुळेपणा इथेच संपेल, असा त्यांचा अंदाज होता.

नट भोकाच्या तोंडाशी ठेवून त्यांनी बोट काढलं. नट आत पडला. आडवा पडला. विहिरीत सोडल्यासारखा तो दारात पडत गेला आणि डॉक्टरांच्या हातातलं रीळ फिरू लागलं. दोरा त्यांच्या मुठीपासून भोकापर्यंत जमिनीला समांतर, ताठ धावत होता. अंगणात कडक ऊन होतं, कुणाच्या तरी घरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या, आणि रीळ बोटांत भिरभिरत होतं. तीनशे मीटरचा दोरा.

त्यांना भीती वाटली का? वाटली. पण तिच्यावर मात करून दुसरंच काहीतरी छातीत भरून आलं. लहानपणी गच्चीवर उताणं पडून आकाश बघताना आपण वरच्या वर पडू असं वाटायचं आणि तरी उठावंसं वाटायचं नाही, तसं. बावीस वर्षं या दाराला ते कोपरानं ढकलून बंद करत आले होते. शरमल्यासारखं झालं त्यांना.

"माझं रीळ घेतलंत का?" बायको पायरीवरून विचारत होती. "बटण लावायचंय."

मग तिला दोरा दिसला. ती जवळ आली. रिळावर शेवटचे चार वेढे उरले होते. तिनं रीळ त्यांच्या हातातून काढून घेतलं, दोरा बोटाला गुंडाळला आणि दारापासून एक पाऊल मागे सरकली. दोरा ताणला गेला. पलीकडचं वजन तिला बोटावर जाणवलं असणार, कारण तिचा चेहरा उतरला. खाली वाकून तिनं दोरा दातांनी तोडला. तुटलेलं टोक सर्रकन आत गेलं.

"आरसा आणा तुमचा," ती म्हणाली. "बघून घेऊ एकदा काय ते."

६

दात पाहायचा आरसा आत जावा एवढं भोक मोठं करायला दुपार झाली. भुग्यानं आता अर्धी बादली भरली. डॉक्टरांनी कपाळावरचा दिवा लावला, आरसा तिरपा करून आत सारला आणि डोळा टेकवला.

आधी नुसता काळोख. मग त्या काळोखाला लांबी आली.

दिव्याचा उजेड कुठेच पोचत नव्हता. नजर थोडी सरावली, तेव्हा दोन्ही बाजूंनी काहीतरी फिकं वर चढत गेलेलं दिसलं, एक काठ, शेतांपेक्षा आणि टेकड्यांपेक्षा मोठा, वाकत वाकत दिसेनासा झालेला. त्याच्यावर ओरखडे होते. गोल, एकमेकांत मिसळलेले, ताजे. डॉक्टरांनी असे ओरखडे हजारदा पाहिले होते, अर्थात तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत. कुणीतरी इथे साफ करत होतं. बारकाईनं, कोपरे न सोडता, वर्षानुवर्षं. असा घाई नसलेला हात त्यांनी दुसऱ्या कुणाचा पाहिला नव्हता, आणि त्यांचे डोळे भरून आले.

मग फार लांब, वर, एक उजेड दिसला. त्याच्या बाजूला काहीतरी गोल लकाकलं आणि तिरपं झालं. उजेड सावकाश त्यांच्या दिशेनं वळला.

आणि थांबला.

ते थांबणं डॉक्टरांनी ओळखलं. खोदता खोदता शेवटचा पापुद्रा निघतो, खाली गुलाबी जिवंत ठिपका दिसतो, आणि हात आपोआप असाच थांबतो. नस लागली की.

त्यांनी आरसा काढला. बायकोनं आरसा घेतला आणि स्वतः वाकून पाहिलं, जेमतेम दोन श्वास. चाळीस वर्षं तीही त्या खुर्चीच्या बाजूला उभी होती. काही समजावून सांगावं लागलं नाही.

"आपण आहोत का ती नस?" तिनं हळूच विचारलं. "त्याला दिसली ती?"

डॉक्टरांनी होकाराची मान हलवली. नस उघडी पडली की दोनच मार्ग असतात. वर औषध ठेवून ती झाकायची आणि वाट पाहायची, किंवा मुळापासून काढून टाकायची. त्यांनी स्वतः दोन्ही केलं होतं. दुसरं जास्त.

"मी पुट्टी कालवते," बायको म्हणाली.

७

तिनं पुट्टीत हार्डनर मिसळला आणि जुन्या सवयीनं फरशीच्या तुकड्यावर एकजीव केला. कीड साफ न करता भरायची डॉक्टरांची ही पहिलीच वेळ. त्यांनी गोळा भोकात बसवला आणि अंगठ्यानं दाबला.

पलीकडूनही दाब आला. तेवढाच, जेवढा ते देत होते. त्यांनी किंचित जोर वाढवला, तर पलीकडचाही वाढला. पुट्टी आळायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं डॉक्टर अंगठा लावून बसून होते, आणि पलीकडे कुणीतरी. मध्ये पत्र्याची जाडी. बायकोनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. मग पुट्टी कडक झाली आणि पलीकडचा दाब निघून गेला. झाकलं होतं. सध्यापुरतं तरी त्यानं झाकायचं ठरवलं होतं.

शनिवारी त्यांनी घासून सपाट केलं, प्रायमर मारला, करड्या रंगाचे तीन पातळ हात दिले आणि आतलं आवरण परत बसवलं. संध्याकाळी पेंटर थांबला, दार तिरपं बघितलं, बोट फिरवलं.

"कुठे होता हो डाग?"

"दिसत नाही ना?"

"नाही बुवा," पेंटर म्हणाला. "दुकान टाका आता."

८

रविवारी खारू आली. कडेवरची मुलगी दात येत असल्यानं रडून रडून लाल झाली होती. खारूनं दाराला तळवा लावून पाहिलं आणि बापाकडे बघून हसली.

"आतून साफ केलंत ना, बाबा? चांगलं लागेपर्यंत?"

हे वाक्य ती लहानपणापासून ऐकत आली होती. डॉक्टरांना खोटं बोलवेना.

"नाही. नस लागली. झाकलंय फक्त." मग धीर करून म्हणाले, "खारू, ही गाडी नको नेऊस."

तिचं हसू मावळलं. "उद्या हजर व्हायचंय मला, बाबा. तुम्ही शब्द दिला होता." आवाज चढला नव्हता. हे असंच व्हायचं हे जणू तिला ठाऊकच होतं, आणि डॉक्टरांना तेच लागलं.

बायको त्यांना बाजूला घेऊन गेली. "ठेवून तरी काय करणार? अंगणात उभी ठेवली तरी दार दारच. भंगारात दिली तर घणानं ठोकतील ते तिला. तसं झालेलं चालेल?"

चालणार नव्हतं. डॉक्टर चपला घालून आले.

"मी येतो बरोबर. मागे बसतो, बाळापाशी."

खुर्ची दाराला खेटून बसली. डॉक्टर मधल्या जागेत अंग चोरून बसले, एक हात बाळाच्या मागून नेला आणि तळवा दाराच्या आतल्या बाजूला टेकवला. खारूनं आरशातून पाहिलं.

"दार नीट लागत नाही का?"

"लागतं. मी आपला धरलंय."

मोठा रस्ता लागला. बाळ हुंदके देत पेंगुळलं होतं. तेवढ्यात तळव्याखाली ठोकल्यासारखं झालं. हलकं, एकदाच. थोड्या वेळानं पुन्हा.

झाकलेल्या दातावर तेही असंच सळीच्या मागच्या टोकानं ठोकून पाहायचे. टक, टक. आणि पेशंटचा चेहरा बघायचे. पेशंट गप्प राहिला की दात वाचायचा. कळवळला की नस काढायची.

बाळाचे डोळे उघडले होते. मान दाराकडे वळली, खालचा ओठ बाहेर आला आणि थरथरला. डॉक्टरांनी मोकळ्या हाताचं बोट तिच्या तोंडात दिलं. तिनं ते सुजलेल्या हिरडीखाली पकडलं आणि नव्या दातानं कडकडून चावलं. कळ कोपरापर्यंत गेली. डॉक्टरांनी श्वास धरला. तिसरी टक आली, मागच्या दोहोंपेक्षा जरा जोरात.

बाळ रडलं नाही. डॉक्टरही गप्प राहिले.

"बाबा, इतकी कशी शांत झाली ही?" पुढून खारूनं विचारलं. "मला तर तीन दिवस दाद देत नाहीये."

"काही दुखत नाहीये तिला," डॉक्टर म्हणाले, मोठ्यानं आणि स्पष्ट, जरासं दाराकडे वळून. "काही म्हणजे काही दुखत नाहीये."

बोटातून रक्त आलं होतं. तरी बोट त्यांनी तिच्या तोंडातच राहू दिलं.

"उद्या किती वाजता निघतेस?"

"आठला. का?"

"मी येईन."

"उद्यापण?"

"रोज," डॉक्टर म्हणाले.

खारूनं आरशातून पुन्हा पाहिलं. तिचे डोळे ओले झाले होते आणि ती हसत होती. शाळेच्या नाटकांपासून ती याच एका शब्दाची वाट बघत होती. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान डोलावली आणि दारावरचा तळवा आणखी घट्ट दाबला.